चार ते साडेचार : रडणे

दुःखालासुद्धा वेळेवर हजर राहायला लावणारी बाई तुम्हाला पाहायची असेल, तर आमच्या वन्संना एकदा भेटा. तसा आग्रह मी करणार नाही, कारण भेटायला जाल, पाच मिनिटं उशीर कराल, आणि पुढचा अर्धा तास त्या उशिराचीच अशी चौकशी होईल की कशाला आलो होतो हे तुम्हीच विसराल. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही. आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात एका टोकाला रांझी आहे, तिथल्या मोठ्या फॅक्टरीच्या टाइम ऑफिसात नोकरी केली. म्हणजे कोणता कामगार किती वाजता आत आला आणि किती वाजता बाहेर पडला यावर डोळा ठेवणं हेच जन्मभराचं काम. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. फॅक्टरी सुटली, टाइम ऑफिस काही सुटलं नाही. रांझीच्या बाजारात अजूनही पांढऱ्या केसांचे रिटायर्ड लोक त्यांना समोरून येताना पाहिलं की उगीचच सायकल जोरात मारायला लागतात. आमच्या लग्नात मंगलाष्टकं जरा लांबली, सगळी मंडळी अक्षता मुठीत घेऊन उभी, तर यांनी मागून जाऊन भटजींच्या कानात सांगितलं की गुरुजी, एक मिनिट वर झालं. भटजींनी शेवटचं कडवं असं काही पळवलं की अंतरपाट दूर झाला तेव्हा माझा हार अजून मामीच्या हातात होता. लग्नाच्या अल्बममध्ये माझा चेहरा बावचळलेला का दिसतो, हे गेली सव्वीस वर्षं मी लोकांना समजावून सांगते आहे.

तर या वन्सं मागच्या साली दोन पिशव्या घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला, गढ्याला आमच्या घरी राहायला आल्या, त्या माझ्या आजारपणात. माझ्या डाव्या स्तनात गाठ निघाली, कॅन्सरची, आणि तो स्तन काढावा लागला. हे वाक्य आता मी सरळ लिहिते, पण तेव्हा आमच्या घरात ते कोणी उच्चारत नव्हतं. नवरा फोनवर 'तिची ती तब्येत' म्हणायचा. शेजारी 'लेडीज प्रॉब्लेम' म्हणायचे. मी स्वतः शाळेत आठवीला विज्ञान शिकवते, फळ्यावर पेशीचं चित्र काढते, पण विचारलं कोणी तर 'छोटंसं ऑपरेशन' म्हणून मोकळी व्हायची. वन्संनी घरात पाऊल टाकलं, चपला जागेवर ठेवल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या ते हे, की डावा ना, मग डाव्या हातानं काही उचलायचं नाही, पाण्याचा ग्लाससुद्धा मी देईन. नवऱ्याचा चेहरा पडला, मला मात्र बरं वाटलं. ते बरं वाटणं दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहापर्यंत टिकलं.

कारण सव्वासहाला फ्रिजच्या दारावर वेळापत्रक लागलं. औषधं, आंघोळ, व्यायाम, जेवण, झोप, सगळं मिनिटांसकट. व्यायाम म्हणजे भिंतीसमोर उभं राहून डाव्या हाताची बोटं मुंगीसारखी वर वर चढवायची. हा हात डोक्यावर पूर्ण गेल्याशिवाय रेडिएशन सुरू करता येणार नाही, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, कारण ते घेताना हात वर ठेवूनच पडावं लागतं, आणि त्याला उशीर होणं बरं नव्हतं. वन्संनी माझी बोटं रोज जिथवर पोचतील तिथं पेन्सिलीची रेघ मारायला सुरुवात केली, तीही दिवाळीत रंगवलेल्या भिंतीवर. मी कुरकुर केली तर म्हणाल्या की भिंत पुन्हा रंगवता येते.

भेटायला येणाऱ्यांची वेळ पाच ते सहा. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला येतात म्हणजे काय करतात, तुम्हाला माहीत आहे. बिस्किटाचा पुडा ठेवायचा, पदराचं टोक डोळ्याला लावायचं आणि आपल्या नात्यातली अशाच आजारानं गेलेली बाई तिच्या शेवटच्या दिवसासकट सांगायची. आमच्या समोरच्या भाभीजींना एकट्या मावश्याच तीन होत्या. दुसऱ्या मावशीच्या मध्यावर वन्सं दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भाभीजी, रोना है तो घर से रो के आइए. यहाँ पेशंट को रोना है." भाभीजी तडक उठून गेल्या आणि आठ दिवस आमच्याकडे दह्याचं विरजण मागायलासुद्धा आल्या नाहीत. मी वन्संना म्हटलं की अहो, शेजार आहे, उद्या तोंड दाखवायचं आहे. त्यावर, तोंड दाखव, पण सहाच्या आत दाखव, एवढंच उत्तर मिळालं.

पेशंटला रडायचं आहे, हे मात्र त्या उगीच म्हणाल्या नव्हत्या. त्यामागे एक शास्त्र होतं, आणि तिथूनच माझ्या खऱ्या छळाची सुरुवात. हॉस्पिटलात मनाला आधार देणाऱ्या एक समुपदेशक मॅडम होत्या, वयानं माझ्या मुलीपेक्षा थोड्या मोठ्या. त्यांनी सांगितलं की ऑपरेशननंतर काळजी दिवसभर डोक्यात भणभणत राहते, तर तिच्यासाठी रोज ठरावीक अर्धा तास ठेवा. इतर वेळी काळजी आली तर तिला म्हणा, आत्ता नाही, तुझ्या वेळेला ये. आणि त्या अर्ध्या तासात भरवशाच्या माणसाजवळ मन मोकळं करा, रडू आलं तर रडा. बिचारीनं चांगल्या मनानं सांगितलं. तिला काय ठाऊक की शेजारच्या खुर्चीत टाइम ऑफिस बसलं आहे. वन्संचे डोळे असे चमकले, जणू आयुष्यात प्रथमच कोणीतरी आपल्या भाषेत बोलणारं भेटलं. घरी पोचल्याबरोबर फ्रिजवर नवी ओळ आली : चार ते साडेचार, रडणे.

पहिल्या दिवशी चारला पाच कमी असताना माझ्या खोलीत खुर्ची आली. चारच्या ठोक्याला वन्सं तीत बसल्या, पदर सारखा केला, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, हं, कर सुरू. आता सांगा, कोणाला रडू येईल? मी छताकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मध्ये एकदा, पाणी देऊ का, असं विचारलं. साडेचारला उठल्या, आज काही काम झालं नाही म्हणाल्या, आणि भाजीला गेल्या. असं रोज. उलट एक दिवस सकाळी अकराला कपाट उघडलं आणि समोर शिवून ठेवलेले ब्लाउज दिसले. त्यांची डावी बाजू आता रिकामीच राहणार, या विचारानं माझा बांध फुटला, तर वन्सं स्वयंपाकघरातून लाटणं घेऊनच आल्या. "आत्ता काहून रडून राहिली? चारला रड ना बापा. आत्ता माझी पोळी तव्यावर आहे." मला इतका संताप आला की रडू जागच्या जागी आटलं. मॅडमना नेमकं हेच साधायचं होतं, हे नंतर कळलं, पण तेव्हा त्या पोळीसकट वन्संना बसमध्ये बसवून रांझीला पाठवावं असं वाटलं. मुलगी इंदूरला असते, तिला व्हिडिओ कॉलवर तक्रार केली. तिला मराठी कळतं सगळं, बोलते मात्र हिंदीत. म्हणाली, मम्मा, बुआ सही तो कह रही हैं. पोटची पोरसुद्धा फितूर निघाली.

शेवटी मी खोटं रडायचं ठरवलं. दहा मिनिटं हुंदके दिले की सुटका होईल असा हिशेब. उशीत तोंड घातलं, खांदे हलवले, दोन उसासे टाकले. वन्सं शांतपणे पाहत होत्या. मग म्हणाल्या की हे खोटं आहे. कामगार लोक आजीची तेरवी सांगून सुट्टी मागायला येत, तेव्हा अगदी असंच रडत. एकेकाची आजी तीन-तीनदा गेलेली त्यांनी पाहिली होती. मला हसू फुटलं. हसताना टाके ओढले, त्यानं कळ आली, आणि कळ आली म्हणून पुन्हा बोलणी बसली, की खऱ्या कामाच्या वेळी टंगळमंगळ केली की असंच होतं.

पण खरं सांगायचं तर मी टंगळमंगळच करत होते. एक गोष्ट होती, आणि ती मी कोणाला सांगत नव्हते. ऑपरेशनला आठ-दहा दिवस झाले आणि दुपारी जेवून पडले की मला दुखायला लागायचं. टाक्यात नाही, काखेत नाही. जो स्तन काढून नेला, त्यात. तो तिथं नाही हे मला ठाऊक, हात लावला तर सपाट पट्टी लागे, आणि तरी आत ठणका. कधी खाज सुटे, आणि खाजवायला जागाच नाही. आठवीच्या पोरांना मज्जासंस्था शिकवणारी मी, पण स्वतःला मला काही शिकवता येईना. एक तर आजार परत आला, नाहीतर मला वेड लागलं, या दोनच गोष्टी मला सुचत. दोन्हींपैकी कोणतीही तोंडातून काढली की ती खरी ठरेल अशी भीती. म्हणून नवऱ्यानं विचारलं की बरी आहे, डॉक्टरांनी विचारलं की बरी आहे. आंघोळीला भिंतीच्या टाइल्सकडे बघत अंगावर पाणी घ्यायची, खाली नजर नाही. आणि हात वर नेला की ते दुखणं जागं होईल म्हणून व्यायामात बोटं जिथं होती तिथंच अडकली. भिंतीवर वन्संच्या रेघा एकीवर एक अशा जाड व्हायला लागल्या. रेडिएशनची तारीख एकदा पुढे गेली. डॉक्टर म्हणाले, ताई, आता अजून पुढे नेणं ठीक नाही.

त्या दिवशी हॉस्पिटलातून परत आलो, चार वाजले, खुर्ची आली. वन्सं म्हणाल्या की हं, बोल. माझं डोकं असं फिरलं की शाळेत इतक्या वर्षांत कधी फिरलं नव्हतं. काय बोलू, असं मी ओरडले. तुमच्या वेळापत्रकात रकाना नाही त्याचा. जे कापून नेलं तेच दुखून राहिलं आहे माझं, रोज दुपारी, आणि मी वेडी होऊन राहिले आहे, आणि तुम्ही आपल्या भिंतीवर रेघा मारा. हे म्हणताना मी रडायला लागले ती अशी, की तोंडातून शब्द निघेना, नाकाला पदर लावायचं भान नाही.

वन्संनी विचारलं, "कधीपासून?"

मी म्हटलं तीन आठवडे.

"अन् तीन आठवडे मी इथं समोर बसून आहे," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. पुढे म्हणाल्या, "हे काय असते ते मला नाही माहीत. उद्या मॅडमला विचारू. पण दुखते म्हणते तर दुखते. तिथं काही आहे का नाही, ते मी कशाला पाहू?"

साडेचार झाले, त्या उठल्या नाहीत. पाचला बेल वाजली, कोणीतरी भेटायला आलं असावं; वन्संनी नवऱ्याला आवाज देऊन आज बंद आहे म्हणून सांगायला लावलं. सहा वाजेपर्यंत मी रडत होते आणि त्या खुर्ची पलंगाला चिकटवून माझ्या पायावर हात ठेवून बसल्या होत्या. रात्री भाजीऐवजी पिठलं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी मॅडमसमोर. मॅडम म्हणाल्या की हे पुष्कळ जणींना होतं. अवयव जातो, पण त्याच्या मज्जातंतूंची आणि मेंदूची बोलाचाल चालू राहते. ना हे वेड, ना हा आजार परत आल्याची खूण. तरी डॉक्टर एकदा तपासतील. डॉक्टरांनी तपासलं, गोळी बदलून दिली. मॅडमनी श्वास सावकाश सोडायला शिकवलं, मऊ कापडानं त्या जागेवरून रोज हलकेच हात फिरवायला सांगितलं, आरशासमोर आधी कपड्यानिशी उभं राहा म्हणाल्या, बाकीचं आपोआप जमेल. मी विचारलं की आधी कोणी का सांगितलं नाही. मॅडम ओशाळून म्हणाल्या, पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, चुकलंच. एवढ्यावर माझं समाधान झालं. वन्संचं कुठलं व्हायला. त्या बाहेर आल्या, बाकावर डोक्यावरून पदर घेतलेल्या सात-आठ बायका बसल्या होत्या, त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि फॅक्टरीच्या गेटवर लागतो तो आवाज लावून म्हणाल्या, "बहनजी, सुनिए. जो निकाल दिया है, वो भी दुखता है. सबको दुखता है. घबराना नहीं, अंदर मैडम को बोलना." कंपाउंडर वळून बघायला लागला. मला वाटलं धरणीनं पोटात घ्यावं. मी त्यांचा दंड धरून ओढत होते, तेवढ्यात कोपऱ्यातल्या एका बाईनं पदर तोंडात कोंबला आणि ती हमसून रडायला लागली. तिचा नवरा घाबरून इकडेतिकडे पाहायला लागला. वन्सं तिच्याजवळ जाऊन बसल्या. आमची बस चुकली आणि त्यांनी त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही.

हात वर जायला अजून पंधरा दिवस लागले. रेघा सरकत सरकत विजेच्या बोर्डाच्याही वर पोचल्या आणि रेडिएशन सुरू झालं. दुखणं थांबलं असं नाही, पण आता ते ओळखीचं झालं. याच दिवसांत नवरा एकदा चहा पिता पिता सहज बोलून गेला की आईलाही हेच झालं होतं ना. मी कप खाली ठेवला. सासूबाई माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी, दीक्षितपुऱ्याच्या जुन्या घरात गेल्या, एवढंच मला माहीत होतं. कशानं, तर आजारपणात. सव्वीस वर्षांत या घरानं मला याहून जास्त सांगितलं नव्हतं. आईला होतं, मग तिच्या मुलीची, वन्संची तपासणी? नवरा म्हणाला, ताईला कोण सांगणार.

मी सांगितलं. आता माझी पाळी होती. त्यांनी काय काय सबबी सांगितल्या म्हणता. आधी तुझं होऊ दे. मग महालक्ष्म्या होऊ दे. मग मला काही दुखत नाही, तिथं गर्दी असते, मशीन बिघडलेली असते. आयुष्यभर लोकांच्या सबबी ओळखणारी बाई इतक्या कच्च्या सबबी सांगेल असं वाटलं नव्हतं. मी शाळेतली मास्तरीण, तशी सोडते थोडीच. रोज चहाबरोबर विषय काढायची. शेवटी वैतागून तयार झाल्या. रिपोर्ट चांगला आला हे आधीच सांगून टाकते, उगीच तुमचा जीव टांगणीला नको. मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं.

साडेदहाची वेळ दिली होती. सव्वाअकरा झाले तरी आत बोलावलं नव्हतं. एरवी या बाईंनी एव्हाना खिडकीवरच्या माणसाला नोकरीत कधी लागलास इथपासून विचारलं असतं. आज बाकावर ताठ बसून समोरच्या भिंतीकडे पाहत होत्या. मी म्हटलं, जाऊन विचारू का, उशीर होऊन राहिला.

"होऊ दे," वन्सं म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या भिंतीकडेच पाहत होत्या. मग हळू आवाजात बोलायला लागल्या, मला सांगत होत्या की स्वतःला, कळेना. नोकरीला नुकत्याच लागल्या होत्या तेव्हा. आई पलंगावर. डबा भरून घेऊन पलंगाजवळ जायच्या, कसं वाटते म्हणून विचारायच्या. आईला काहीतरी बोलायचं असावं असं एक-दोनदा वाटलं होतं. "पण ती म्हणायची, मी बरी आहे, तू जा, तुला उशीर होईल. अन् मी जायची. रोज वेळेवर पोचायची मी."

त्यांचा हात हातात घेतला, माझ्या डाव्या हातानं. तेवढ्यात आतल्या बाईनं दार उघडून वन्संचं नाव पुकारलं. एकदा, मग पुन्हा. वन्सं सवयीनं उठायला लागल्या.

मी त्यांना खाली बसवलं, हं, बोला म्हणाले. दारातल्या बाईला म्हटलं की दीदी, दुसऱ्या कोणाला घ्या आधी, आम्हाला वेळ लागेल.